न दुखणारा चट्टा

प्रश्न : माझ्या दिराच्या पाठीवर वर्षभरापासून फिकट चट्टा आहे. दुखत नाही, खाजत नाही. आशाताई तपासायला आल्या तेव्हा ते ऊसतोडीला गेले होते. कुष्ठरोग निघाला तर नेरलीच्या कुष्ठधामात ठेवावं लागेल का? घरात लहान मुलं आहेत.
– एक वाचक, भोकर तालुका

उत्तर : ताई, तिथं ठेवावं लागत नाही. उपचार घरी राहूनच होतात. चट्टा दुखत नाही म्हणून लोक थांबतात, पण बधिर चट्टा हेच या आजाराचं मुख्य लक्षण आहे. प्रत्येक चट्टा कुष्ठरोगाचा नसतो. तपासणीनंतरच ते ठरेल.

आशाताई दारी येतात तेव्हा अनेक पुरुष तोडीवर असतात, म्हणून रोग उशिरा सापडतो. तोवर नसा दुखावतात, बोटं वाकतात. त्यामुळं पुढच्या फेरीची वाट पाहू नका. दीर परतताच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा भोकरच्या सरकारी रुग्णालयात न्या. औषधं मोफत मिळतात. चट्टे-नसा पाहून 6 किंवा 12 महिने घ्यावी लागतात. मधेच तोडीला जायचं असेल तर आधी सांगा, सोबत गोळ्या देण्याची सोय करता येते.

मुलांना दूर ठेवू नका. औषध सुरू झालं की संसर्ग लवकर थांबतो. घरच्या सगळ्यांची तपासणी मात्र करा. योग्य असेल त्यांना प्रतिबंधक गोळीचा एक डोस देतात. उपचाराच्या गोळ्यांनी लघवी लालसर होते, घाबरू नका. पण चट्टा लाल होऊन सुजला, नस दुखली किंवा हातापायातली शक्ती कमी झाली तर गोळ्या न थांबवता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.