गल्ला पुढे, कचरा मागे

पोरी, उद्यापासून दुकान तू बघणार, म्हणून चार गोष्टी कानात घालतो. पर्यावरण म्हटलं की सगळे गल्ल्यावरच्या पिशवीकडे बघतात. किराणा दुकानाचा कचरा मात्र मागच्या दाराने, टेम्पोतून येतो. तिथे लक्ष ठेव. ऑर्डर देतानाच व्यापाऱ्याला विचार, "रिकामे क्रेट, बारदान परत नेणार का?" हो म्हणाला तर बिलावर लिहून घे, तोंडी कबुली दिवाळीपर्यंत टिकत नाही. टेम्पो भरून येतो आणि मोकळा जातो, मग परत न्यायला त्याचं काय जातं? तू नवी आहेस, तुला आधी टोलवतील. बिल चुकतं करायच्या दिवशी परत विषय काढ, त्या दिवशी माणूस नीट ऐकतो.

पोत्याला सुरी लावायची नाही. तोंडाची शिवण साखळीटाक्याची असते. बरोबर टोकाचा दोरा ओढलास की सर्रकन अख्खी सुटते, उलट्या टोकाने ओढलंस तर गाठ बसते. गड्याला पहिल्याच दिवशी हे हाताने करून दाखव. फाटक्या पोत्याला बारदानवाला भाव देत नाही. पोती झटकून, उन्हात टाकून, तागाची वेगळी आणि प्लॅस्टिकची वेगळी अशी घडी घालून ठेव. खताचं पोतं कितीही धुतलेलं असो, धान्याला वापरायचं नाही. खोक्यांच्या चिकटपट्ट्या काढून ती चपटी करून कोरड्यात रच. भिजलेल्या पुठ्ठ्याला रद्दीवाला हात लावत नाही.

आता ती पिशवी. एजंट येईल आणि सांगेल, "ताई, एकशेवीस मायक्रॉनची आहे, चालते." केंद्राचा तो नियम खरा आहे, पण आपल्या राज्याने मार्च २०१८च्या अधिसूचनेत प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर सरसकट बंदी घातली, जाड-पातळ न बघता. दंड पहिल्यांदा ५ हजार, पुन्हा सापडलीस तर १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिन्यांची कैद. एजंटला चहा पाज आणि वाटेला लाव. गिऱ्हाइकाने डबा आणला तर आधी रिकामा डबा काट्यावर ठेवून टेअर दाब, आकडा शून्यावर आलेला त्याला दिसू दे, मगच डाळ ओत. वजनात डबा धरला अशी शंका एकदा आली की तो परत डबा आणत नाही. फरसाण वर्तमानपत्रात बांधायचं नाही. शाई तेलात उतरते आणि अन्नसुरक्षेच्या नियमांतही ते बसत नाही. कोरा खाकी कागद बचतगटाच्या बायकांकडून घे, पैसे रोख दे.

फ्रीजरचं बिल जास्त आलं की लगेच नवा घ्यायला धावू नकोस. दारात नोट धरून दार लाव. ती अलगद ओढून निघाली तर रबर गेलंय, तेवढं बदल. मागची जाळी महिन्याला पुसून घे आणि भिंतीपासून हातभर जागा सोड. आतला बर्फ बोटभर जाड व्हायच्या आत वितळवून टाक.

आणि माल लावताना जुना पुढे, नवा मागे. कंपनीचा सेल्समन स्कीम घेऊन येईल, दहा बॉक्सवर एक फुकट. मागच्या महिन्यात किती खपले ते वहीत बघ, मग बोल. मुदत संपलेला माल परत घेणार का हेही त्याच वेळी विचार. आढेवेढे घेतले तर दोनच बॉक्स उतरवून घे.