आठव्या महिन्यात जन्मलेला मुलगा आता लठ्ठ; हृदयाला धोका?

प्रश्न : माझा मुलगा 32व्या आठवड्यात जन्मला, वजन दीड किलो. तो जगावा म्हणून हौसेने खाऊ घातलं. आता 9 वर्षांचा आहे, वजन 44 किलो, उंची 130 सेंटीमीटर. पुढे हृदयविकार होईल का?
– एक आई, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : ताई, तुम्ही त्याला जगवलंत, हे आधी लक्षात घ्या. धोका वाढतो हे खरं, पण तो कमी करता येतो.

मूत्रपिंडातल्या गाळण्या साधारण 36व्या आठवड्यापर्यंत तयार होतात. बाळ लवकर आलं की त्या कमी राहू शकतात आणि पुढे रक्तदाब चढू शकतो. त्यात लठ्ठपणाची भर पडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात जन्मलेल्या 477 मुलांचा अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मतः कमी वजन, पण आठव्या वर्षी जाड, अशा मुलांमध्ये हृदयविकाराला पोषक लक्षणं सर्वाधिक होती.

यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोग विभागात त्याला दाखवा. रक्तदाब त्याच्या दंडाला बसेल अशाच पट्ट्याने मोजायला सांगा. पट्टा लहान असेल तर आकडा खोटा वाढतो. साखर, कोलेस्टेरॉलही तपासून घ्या.

उपाशी मात्र ठेवू नका. भाकरी, वरण, पालेभाजी द्या. कुरकुरे, थंड पेयं बंद करा. रोज तासभर मैदानावर खेळू द्या. उंची वाढत असताना वजन थोपवलं, तरी मोठं काम झालं.