जिरायती हरभऱ्याविषयी पुतण्यास पत्र

चि. बाळ,

तुझे पत्र पावले. काळ्या रानात जिरायती हरभरा घेण्याचा तुझा बेत कळला. परंतु पत्रात खताचा व भावाचा मजकूर जितका सविस्तर आहे तितका ओलीचा नाही, म्हणून हे लिहिणे. पावसाळा सरल्यावर जमिनीच्या पोटात जी ओल शिल्लक राहते, तेवढीच या पिकाची जमा. पुढे केवळ खर्च चालू राहतो, आणि तो कोणाच्या नावे पडावा हे पेरणीची वेळ, वाण आणि तण ही तिन्ही मिळून ठरवितात.

हस्ताचा पाऊस उघडून वापसा आला, की सप्टेंबरअखेरपासून फार तर ऑक्टोबरच्या 10 तारखेपर्यंत पाभर चाललीच पाहिजे. बागायतदाराचे पाहून आपण नोव्हेंबरपर्यंत थांबलो, तर वरचा थर सुकून उगवण विरळ होते, आणि जे उगवते त्याचे घाटे भरण्याच्या ऐन वेळी ओल खोल गेलेली व ऊन चढलेले असल्यामुळे दाणा बारीक पडतो. मात्र जमीन तापलेली असताना घाईही करू नये. उष्ण मातीत मर रोगास जोर चढतो. बी सुमारे 10 सेंटिमीटर खोल, ओलीत पडेल याची खातरजमा कर.

वाणाविषयी फारसा खल नको. टपोऱ्या काबुलीचा भाव मोहक खरा, पण तो विहीरवाल्यांचा जिन्नस. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘विजय’ ताण सोसतो, मर रोगास दाद देत नाही, आणि हेक्टरी 65 ते 70 किलो बियाण्यात भागतो. ‘विशाल’च्या टपोऱ्या दाण्याला 100 किलो लागते.

खरी हेळसांड होते ती तणांच्या बाबतीत. हरभरा मुळात ठेंगणा आणि बाळपणी मंद वाढणारा, त्यामुळे पहिल्या 30 ते 45 दिवसांत चांदवेल, हरळी, चंदनबटवा (याची भाजी आपल्या घरी कितीही आवडीची असो) त्याच्या वाट्याची ओल निमूटपणे पिऊन टाकतात, आणि नुकसान दिसू लागते तेव्हा खुरपणी करून गेलेले पाणी परत येत नाही. तणनाशकाचा भरवसा जिरायतात बेताचाच, कारण पेंडीमेथालिनला वरच्या मातीत ओल हवी असते. त्यापेक्षा विसाव्या दिवसाच्या सुमारास कोळपे घाल आणि महिनाभरात दुसरी कोळपणी उरक; तण तर जातेच, शिवाय भेगा बुजून ओल उडून जात नाही. मजुरी वाचविण्यासाठी ओळीतली खुरपणी टाळणे हा काटकसरीचा प्रकार मला मान्य नाही.

बियाण्यास ट्रायकोडर्मा चोळल्यावाचून पेरू नकोस, आणि कोळपणीसाठी बैलजोडीची बोली आताच करून ठेव.

तुझा,
काका