महासाथीतील फ्लूची लस : घ्यावी की न घ्यावी, हे कसे ठरवावे

तिरुवैयारु येथे दरवर्षी पौष वद्य पंचमीस, बहुधा जानेवारी महिन्यात, कावेरीकाठी संत त्यागराजांची आराधना होते. शेकडो गायक-वादक दाटीने बसून पंचरत्न कीर्तने एकत्र गातात. त्या दिवसांत तंजावर परिसरातील मराठी घरांत चेन्नईहून, पुण्याहून, मुंबईहून आप्तस्वकीय उतरतात. फ्लूचा विषाणू खोकल्याशिंकांबरोबरच मोठ्याने बोलताना व गाताना उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांतूनही पसरतो. आराधनेस जाऊ नये, असे येथे सुचवायचे नाही. परंतु अशा वर्षी फ्लूचा नवा विषाणू आला, त्यावरील नवी लसही आली, आणि आपल्या घरात वयोवृद्ध आजोबा, गरोदर सून व चार महिन्यांचे मूल असेल, तर निर्णय कसा घ्यावा? हा प्रश्न लस येण्यापूर्वीच विचारात घेतलेला बरा, कारण साथ ऐन भरात असताना शांतपणे विचार होत नाही.

दवाखान्यात येणारे बहुतेक लोक लसीविषयी एकच प्रश्न विचारतात : "हिचा काही त्रास तर होणार नाही ना?" प्रश्न योग्य आहे, पण अर्धा आहे. तराजूच्या एका पारड्यात लसीचा धोका ठेवला आणि दुसरे पारडे रिकामे ठेवले, तर कोणतीही लस जडच वाटेल. दुसऱ्या पारड्यात आजार ठेवावा लागतो. लस न घेणे हाही एक निर्णयच असतो आणि त्यालाही स्वतःची जोखीम असते. दोन्ही पारड्यांतील वजने कायमची ठरलेली नसतात, हेही ध्यानात घ्यावे. ती वर्षागणिक आणि व्यक्तीगणिक बदलतात.

दोन साथींचे दाखले

1976 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील फोर्ट डिक्स या लष्करी तळावर स्वाइन फ्लूचा नवा विषाणू आढळला व एक सैनिक दगावला. 1918 च्या महाभयंकर साथीची आठवण असल्यामुळे तेथील शासनाने घाईने लस तयार करवून घेतली आणि ऑक्टोबरपासून चार कोटींहून अधिक लोकांना ती टोचली. मात्र साथ आलीच नाही. विषाणू त्या तळाबाहेर पसरलाच नाही. दरम्यान लस घेतलेल्यांपैकी काहींना गुलियन बॅरे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस, हा मज्जातंतूंचा विकार झाला. त्याचे प्रमाण लस घेतलेल्या दर एक लाख व्यक्तींमागे सुमारे एक जादा रुग्ण इतके होते. डिसेंबरमध्ये मोहीम थांबवण्यात आली आणि तो निर्णय रास्त होता. आजाराचे पारडे रिकामे असताना लाखात एक हा धोकादेखील जास्तच ठरतो.

2009 साली असे झाले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 11 जून 2009 रोजी एच1एन1 फ्लूची महासाथ जाहीर केली. भारतातील पहिला मृत्यू 3 ऑगस्ट 2009 रोजी पुण्यात नोंदवला गेला. शाळा बंद झाल्या, मास्क मिळेनासे झाले, तपासणीसाठी रांगा लागल्या. भारतात तयार झालेल्या लसी मात्र 2010 च्या जून-जुलैमध्ये बाजारात आल्या. त्यांतील एक, नाकात फवारण्याची, पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची होती. म्हणजे पुणेकरांसमोर मधले दहा-अकरा महिने लस घ्यावी की नाही हा प्रश्नच नव्हता, कारण लसच नव्हती. महासाथ संपल्याचे 10 ऑगस्ट 2010 रोजी जाहीर झाले, पण विषाणू गेला नाही. 2015 मध्ये भारतात याच फ्लूचे सुमारे 42 हजार रुग्ण व जवळपास तीन हजार मृत्यू नोंदवले गेले. "साथ संपली, आता लस कशाला?" असे म्हणणाऱ्यांनी हे वर्ष विसरू नये.

लाख वस्तीचा हिशेब

आकडे मोठे झाले की मनात ठरत नाहीत. म्हणून एक लाख वस्तीचा गाव कल्पावा. 2009 च्या साथीनंतर विविध देशांत केलेल्या रक्ततपासण्यांवरून असे दिसले की, पहिल्या वर्षात साधारण दर पाच जणांपैकी एकाला संसर्ग झाला होता. म्हणजे आपल्या गावात वीस हजार. संसर्ग झालेल्यांतील मृत्यूचे प्रमाण दहा हजारांत दोन किंवा त्याहून कमी होते, म्हणजे गावात चारपर्यंत मृत्यू. रुग्णालयात दाखल झालेले याच्या कित्येक पट.

आता त्याच गावातील सर्वांनी लस घेतली असे समजू. 2009 च्या लसीमुळे जीबीएसचे जादा रुग्ण दर दहा लाखांमागे एक ते तीन इतके आढळले, म्हणजे असे तीन-चार गाव मिळून जास्तीत जास्त एक. तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रियाही दहा लाख मात्रांमागे सुमारे एक. ती बहुधा टोचल्यानंतर काही मिनिटांतच येते व तेथल्या तेथे उपचार होतात. लस घेतल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबण्यास सांगितले जाते ते यासाठीच. दंड दुखणे, अंग मोडून येणे, एक-दोन दिवस कणकण हे मात्र अनेकांना होते आणि आपोआप जाते.

जीबीएस हा शब्द मराठी घरांना आता परका नाही. 2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात त्याचे अनेक रुग्ण आढळले व दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले. हा विकार जुलाबाच्या संसर्गानंतर होतो, तसाच खुद्द फ्लूनंतरही होतो, आणि फ्लूनंतर होण्याची शक्यता फ्लूच्या लसीपेक्षा अधिक असते.

याचा अर्थ लस पूर्ण कवच आहे असा नव्हे. फ्लूची लस विषाणूशी चांगली जुळली, तर दवाखान्यात जाण्यासारखा आजार साधारण 40 ते 60 टक्क्यांनी कमी होतो, आणि संरक्षण येण्यास दोन आठवडे लागतात. आराधनेच्या आदल्या दिवशी लस घेऊन निर्धास्त होणे व्यर्थ आहे. तमिळनाडूत फ्लूचा जोर ईशान्य मोसमी पावसात, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास असतो. त्यामुळे येथील घरांनी वार्षिक लसीचा विचार पावसापूर्वीच करावा.

सर्वांचे पारडे सारखे नसते

वरील हिशेब सरासरीचा आहे, आणि सरासरी माणूस कोणाच्याच घरी राहत नाही. धडधाकट पंचविशीतल्या तरुणास 2009 चा फ्लू बहुधा चार दिवस अंथरुणात ठेवून सोडून देई. त्याने लस घेण्याचे मुख्य कारण घरातील इतर माणसे हे आहे. गरोदर स्त्रियांची गोष्ट वेगळी. अमेरिकेत लोकसंख्येत त्या सुमारे एक टक्का होत्या, पण त्या साथीतील मृत्यूंत सुमारे पाच टक्के. "पोटात बाळ असताना सुई नको" हा सासूबाईंचा आग्रह मायेपोटीच असतो, पण येथे तो उलटा पडतो. निष्क्रिय विषाणूंची, म्हणजे टोचण्याची लस गरोदरपणात घेता येते. शिवाय सहा महिन्यांखालील बाळाला फ्लूची लस देताच येत नाही. आईने गरोदरपणी घेतलेल्या लसीतून मिळणारी प्रतिपिंडेच त्याच्या कामी येतात. नाकात फवारण्याची लस जिवंत, दुर्बल केलेल्या विषाणूंची असते. ती गरोदर स्त्रियांस व प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांस देत नाहीत.

मधुमेह, दमा, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असलेले, पासष्टीपुढील ज्येष्ठ, लहान मुले व आरोग्यसेवक यांचे पारडेही लसीच्या बाजूने झुकते. उलटपक्षी, फ्लूच्या लसीची यापूर्वी तीव्र ॲलर्जी आलेली व्यक्ती, अथवा फ्लूच्या लसीनंतर सहा आठवड्यांच्या आत जीबीएस झालेली व्यक्ती यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ती घेऊ नये. ताप असल्यास तो उतरेपर्यंत थांबावे.

नवी लस आणि नोंदवही

नव्या लसीविषयी शंका घेणे हा अडाणीपणा नव्हे. युरोपात 2009-10 मध्ये पॅन्डेम्रिक्स नावाची लस दिली गेली. फिनलंड व स्वीडनमध्ये 2010 च्या ऑगस्टमध्ये असे लक्षात आले की, ही लस घेतलेल्या काही मुलांना नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा दीर्घकालीन विकार जडला आहे. फिनलंडमध्ये 4 ते 19 वयोगटात हे प्रमाण सुमारे सोळा हजारांत एक होते. भारतात वापरलेल्या लसींत ती नव्हती. इतका विरळ परिणाम काही हजार व्यक्तींवरील चाचणीत दिसणे अवघड असते. तो दिसला, कारण तेथील डॉक्टरांनी प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली व ती जुळवून पाहिली.

ही शिस्त तंजावरास नवी नाही. सरफोजीराजे दुसरे यांच्या काळी ज्यांच्या डोळ्यांवर उपचार झाले, त्यांची रुग्णपत्रके डोळ्यांच्या चित्रांसह सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जतन केलेली आहेत.

तेव्हा नवी लस पुढे आली तर परिचारिकेस निःसंकोच विचारावे : ही निष्क्रिय विषाणूंची आहे की जिवंत? माझ्या वयोगटात तिची चाचणी झाली आहे का? आपल्या जिल्ह्यात सध्या रुग्ण किती आहेत? शेजाऱ्यांच्या मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशापेक्षा या तीन उत्तरांवरून पारडे अधिक नेमके कळेल.

लस घेतल्यास तिचे नाव, बॅच क्रमांक व तारीख घरच्या वैद्यकीय फाईलमध्ये लिहून ठेवावी. त्यानंतर हातापायांत वाढता अशक्तपणा, श्वास घेण्यास त्रास वा अंगभर गांधी उठल्यास त्वरित रुग्णालयात जावे. रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक आहे. लस घेतलेली असो वा नसो, गरोदर स्त्री, ज्येष्ठ वा मधुमेही व्यक्तीस ताप-खोकला आल्यास दोन दिवस वाट पाहू नये. फ्लूवरील औषध पहिल्या 48 तासांत सुरू झाल्यास अधिक गुणकारी ठरते. लसीनंतरचा कोणताही विपरीत परिणाम जवळच्या आरोग्य केंद्रात, अथवा 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर आपणास स्वतः नोंदवता येतो. त्यासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीची गरज नाही.