एका ओळीचं निदान

माझ्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात बीजकोशांविषयी एक ओळ होती. तेवढ्यावर पीसीओडी ठरवून डॉक्टरांनी गर्भनिरोधक गोळ्या लिहून दिल्या. पाळी दोन-दोन महिने लांबत होती, हे खरं. पण चेहऱ्यावर केस वाढलेत का, दुसरी औषधं चालू आहेत का, हे त्यांनी विचारलंच नाही.

गोळ्या चालू असेपर्यंत पाळी वेळेवर यायची; बंद केल्या की पुन्हा तेच. दुसऱ्या डॉक्टर बाईंनी मात्र आधी चालू असलेली सगळी औषधं टेबलावर काढायला लावली. त्यात पित्तासाठी मला लिहून दिलेल्या कॅप्सूल निघाल्या, लेव्होसल्पिराइडच्या. या औषधानं, आणि डोमपेरिडोननंही, प्रोलॅक्टिन वाढतं. ते वाढलं की पाळी लांबते. माझं भलतंच वाढलेलं निघालं. पित्ताचं औषध बदललं आणि पाळी आपोआप सुरळीत झाली.

बाईंनी मग नीट समजावलं. २००३ साली रॉटरडॅमला ठरलेल्या निकषांप्रमाणे पीसीओडीच्या निदानाला तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित पाळी, अँड्रोजेन वाढल्याची खूण, म्हणजे हनुवटीवर राठ केस किंवा रक्तात वाढलेलं टेस्टोस्टेरॉन, आणि सोनोग्राफीत बारीक पुटिकांनी भरलेले बीजकोश. पहिल्या दोन स्पष्ट असतील तर सोनोग्राफीची गरजच नाही! निदानाआधी थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि १७-ओएचपी तपासून दुसरी कारणं बाजूला काढायची. सोनोग्राफीचं मापही बदलत गेलंय. पूर्वी एका बीजकोशात १२ बारीक पुटिका पुरेशा मानत. मशीनं सुधारली तशी २०१८ मध्ये ती संख्या २० वर नेली. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत तर त्या धड मोजताही येत नाहीत.

शाळा-कॉलेजातल्या मुलींच्या आयांनी जास्त जपावं. पाळी सुरू झाल्यापासून पहिली आठ वर्षं निदानासाठी सोनोग्राफी धरत नाहीत, २०२३ पासून मोठ्या बायकांत चालणारी एएमएचची रक्ततपासणीही धरत नाहीत. मुलींत अनियमित पाळी आणि अँड्रोजेनची खूण, दोन्ही हव्यात.

डॉक्टरांकडे जाताना पाळीच्या तारखा लिहून न्या. चेहऱ्यावर केस असतील तर थ्रेडिंग करून जाऊ नका. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना केलेली टेस्टोस्टेरॉनची तपासणी फसवी असते. डॉक्टरांना विचारून त्या किमान तीन महिने थांबवाव्या लागतात. आणि पीसीओडी खरंच निघालं, तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर तपासून घ्या, अगदी सडपातळ असलात तरी. नुसत्या उपाशीपोटीच्या तपासणीत वाढलेली साखर निसटू शकते.