ब्लाऊज छत्तीस, मग ब्रा किती?

कर्नाटकातल्या संकेश्वरच्या बाजारात ब्रा मागायची पद्धत ठरलेली आहे. दुकानातली गर्दी जरा ओसरली की काउंटरजवळ जायचे, आवाज खाली आणायचा आणि एकच आकडा सांगायचा: छत्तीस. हा छत्तीस कुठून आला, तर ब्लाऊजचे माप छत्तीस आहे म्हणून. दुकानदार मान वर न करता खोका काढतो, काळ्या पिशवीत घालतो, व्यवहार संपला. घरी आल्यावर ती ब्रा पाठीमागून वर सरकते, पट्टे खांद्यावरून घसरतात, आवळले तर वळ उठतात. मग कुणीतरी सांगते, पुढच्या वेळी अडतीस घे. रोग सैलपणाचा आणि औषध आणखी सैल.

ब्लाऊजसाठी शिंपी छाती मोजतो ती सगळ्यांत भरलेल्या भागावरून. ब्राला त्या मापाइतकेच छातीखालच्या घेराचे माप लागते, कारण वजनाचा मोठा भाग खांद्यावरच्या पट्ट्यांनी नव्हे, तर खालच्या आडव्या पट्टीने पेलायचा असतो. दोन जावा घ्या. दोघींचे ब्लाऊज छत्तीस. थोरलीचा खालचा घेर २९ इंच, धाकटीचा ३२. दुकानात दोघींना एकच खोका मिळतो, पण दोघींची ब्रा एक असूच शकत नाही.

माप घ्यायला एक टेप लागते. कटलरीच्या दुकानात ती दहा ते तीस रुपयांना मिळते. टेपची इंचाची बाजू सोडा, उलटी सेंटीमीटरची बाजू वापरा, हिशेब सोपा जातो. पहिले माप छातीच्या लगेच खाली, श्वास सोडून, टेप अंगाला चिकटून आणि पाठीमागेही सरळ. दुसरे माप भरलेल्या भागावरून, टेप न आवळता. एक साधी, पॅड नसलेली ब्रा घालून मोजले तर चालते. पाळीच्या आधीच्या दिवसांत छाती जड होते, त्यामुळे पाळी संपल्यावर मोजलेले बरे.

आता आकडा काढू. युरोपीय तक्त्यानुसार खालचा घेर ६८ ते ७२ सेंटीमीटर असेल तर पट्टी ७०, ७३ ते ७७ असेल तर ७५, ७८ ते ८२ ला ८० आणि ८३ ते ८७ ला ८५. आपल्याकडच्या बोलीत हेच अनुक्रमे ३२, ३४, ३६ आणि ३८. कप ठरतो दोन मापांतल्या फरकावर: १२ ते १४ सेंटीमीटरला ए, १४ ते १६ ला बी, १६ ते १८ ला सी, १८ ते २० ला डी. थोरल्या जावेचा घेर ७४, वरचे माप ९१, फरक १७. म्हणजे ३४ सी. धाकटीचा घेर ८१, वरचे माप तेच ९१, फरक १०. तिला ३६ ए जवळचे, आणि तेही कपात थोडे मोकळेच बसेल. दुकानात मात्र दोघी छत्तीस सांगून येतात.

इथे एक खाचखळगा आहे. स्वस्त होजिअरी मालाच्या खोक्यावर ८०, ८५, ९० असे छापलेले असते. तिथे ८५ म्हणजे ३४ इंचांचे सेंटीमीटर, छातीचे माप. युरोपीय पद्धतीच्या ब्रावर ८५ बी लिहिले असेल तर तो खालचा घेर, म्हणजे आपला ३८. आकडा एकच, माप दोन साइजने वेगळे. शिवाय स्वस्त मालावर बऱ्याचदा नुसता आकडा असतो, ए-बी-सी काहीच नाही. असा माल साधारण बी कपाच्या अंदाजाने कापलेला असतो. परदेशी संकेतस्थळांवरचे कॅल्क्युलेटर तर ७६ सेंटीमीटर घेराला सरळ ३० म्हणतात. म्हणून दुकानात साइज न सांगता दोन मापे सांगा आणि खोक्यामागचा तक्ता मागा. कंपनीच्या मालाला तो बहुधा असतोच.

माप घ्यायला माणूस कोण? संकेश्वरसारख्या गावात मला सगळ्यांत भरवशाची वाटते ती ब्लाऊज शिवणारी ताई किंवा अक्का. टेप तिच्या गळ्यातच असते, पडदा लावलेला कोपरा असतो आणि बाईच्या अंगाची तिला सवय असते. ब्लाऊज टाकायला जाल तेव्हा म्हणा, 'अक्का, छातीखालचाबी घेर घे, शेंटिमिटरमधी.' ब्लाऊजच्या शिलाईत हे फुकटात होते. बरे ब्लाऊज हवे असेल तर तिलाही ते हवेच आहे, कारण सैल ब्रावर मापलेले ब्लाऊज नवी ब्रा घातल्यावर बसत नाही. आधी ब्रा, मग ब्लाऊजचे माप, हा क्रम लग्नसराईत तरी पाळा. अस्तर लावलेले ब्लाऊज उसवून पुन्हा शिवायचे पैसे ब्रापेक्षा जास्त होतात.

किमतींचे ढोबळ टप्पे असे. बिनकंपनीची सुती ब्रा शंभर ते अडीचशे. ओळखीच्या कंपनीची साधी, पॅड नसलेली अडीचशे ते पाचशे. जॉकीसारख्या कंपनीची पाचशेच्या पुढे हजारापर्यंत. तारेची, पॅडची किंवा एनामोर, आमांते या वर्गातली आठशे ते दीड हजार, कधी त्याहून वर. स्पोर्ट्‌स ब्रा पाचशे ते दीड हजार. दूध पाजण्यासाठी पुढून उघडणारी तीनशे ते आठशे. बाजारात फिरताना खिशाचा अंदाज यावा इतकाच याचा उपयोग. सवलतीच्या दिवसांत हजाराची पाचशेला मिळते.

दीडशेची वाईट आणि नऊशेची चांगली, असे मी म्हणणार नाही. मापाची असेल तर दीडशेची सुतीसुद्धा नऊशेच्या चुकीच्या मापापेक्षा बरी बसते. फरक पडतो टिकण्यात. स्वस्त मालाचे इलॅस्टिक लवकर मरते. दीडशेची ब्रा चार महिन्यांत सैल झाली तर वर्षाला साडेचारशे झाले, आणि त्यातले दीड-दोन महिने ती नुसती अंगावर लटकत असते. साडेचारशेचीच एक घेऊन ती वर्षभर टिकली तर हिशेब तोच. ज्यांना सी किंवा डी कप लागतो त्यांनी मात्र शंभर-दीडशेच्या टप्प्यात वेळ घालवू नये. त्या टप्प्यात कपाची निवडच नसते.

संकेश्वरात साधा माल मिळतो, पण कपांची रांग आणि घालून बघायची खोली हवी असेल तर बाहेर पडावे लागते. निपाणी जवळ, बेळगाव साधारण पन्नास किलोमीटर. बेळगावात गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार हा पट्टा पायी होतो आणि कंपन्यांची स्वतंत्र दुकाने, कपड्यांची मोठी दालनेही शहरात आहेत. या खर्चात प्रवासाचा आकडा शून्य धरता येतो: कर्नाटकच्या शक्ती योजनेत ११ जून २०२३ पासून राज्यातल्या रहिवासी महिलांना साध्या सरकारी बसमध्ये तिकीट नाही. सरकारी ओळखपत्रावर कर्नाटकचा पत्ता हवा. वातानुकूलित आणि आरामबसला हे लागू नाही. कोल्हापूरच्या महाद्वार रोडला किंवा राजारामपुरीला जायचे असेल, किंवा जवळ पडते म्हणून गडहिंग्लजला, तर हद्द ओलांडावी लागते. तिथे महाराष्ट्राच्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना त्या राज्याच्या हद्दीत अर्धे तिकीट आहे. हद्दीच्या अलीकडचे किती आणि पलीकडचे किती, ते चढतानाच कंडक्टरला विचारा.

शहरात गेल्यावर बाई विक्रेती असलेले आणि घालून बघू देणारे दुकान शोधा, आत शिरतानाच विचारा. 'माप पाहूनच कळतं, घालायची गरज नाही' असे म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. बेळगावात विक्रेती कानडी बोलणारी निघाली आणि तुमचे कानडी बेताचे असले तरी अडत नाही. घट्टला बिगि, सैलला सडिल, एवढ्यावर काम भागते.

खोलीत गेल्यावर घाई करू नका. नवी ब्रा सगळ्यांत बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर बसली पाहिजे. आतले हुक पुढे इलॅस्टिक ढिले पडेल तेव्हासाठी असतात. नवीनच असताना आतल्या हुकाला लावावी लागत असेल तर पट्टी मोठी आहे. हुक लावल्यावर किंचित पुढे वाका, हाताने काखेकडची छाती कपात ओढून घ्या, मग उभे राहा. ही पायरी बहुतेक जणी गाळतात आणि कप बरोबर आहे असे समजून एक अक्षर लहान घेतात. आता आरशाकडे पाठ करून पाहा. पट्टी मागे आडवी सरळ असावी, कमान होऊन वर चढलेली नको. पुढे दोन कपांमधला भाग छातीच्या हाडाला टेकावा. तारेची असेल तर तार स्तनाच्या मांसावर नव्हे, त्याच्या बाहेरून यावी. कपाच्या वरून किंवा काखेतून मांस बाहेर येत असेल तर कप लहान. कापडाला चुण्या पडत असतील तर मोठा. खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटे सहज जावीत. शेवटी हात वर करा, खाली बसा, ओटा पुसल्यासारखे वाका. वरून शर्ट किंवा ब्लाऊज घालूनही एकदा पाहा.

हवे ते माप नसले तर शेजारचे चालते. पट्टी एक आकडा वाढवली की कपाचे अक्षर एक कमी करायचे, कपातली जागा तीच राहते. ३४ सी, ३६ बी आणि ३२ डी यांच्या कपांत जवळपास तेवढीच जागा असते. थोरल्या जावेला आजवर छत्तीस 'तशी बसते' असे वाटत होते ते यामुळेच: कप बरोबर होता, पट्टी सैल होती. तिने तात्पुरती ३६ बी घेतलीच तर आतल्या हुकावर लावावी आणि अक्काकडून बाजूची शिलाई आत घेऊन घ्यावी, तीस-पन्नास रुपयांचे काम. पट्टी घट्ट होत असेल तर वाढीव हुकांची पट्टी मिळते, तीही तीस-साठ रुपयांत.

निपाणीकडच्या विडी वळणाऱ्या बायका दिवसभर सूप मांडीवर घेऊन पुढे वाकून बसतात. त्यांना तारेची ब्रा पोटाकडून टोचते. त्यांनी बिनतारेची, रुंद पट्ट्यांची, मागे तीन हुकांची घ्यावी. शेतात घाम गाळणाऱ्यांनी सुती. वयात येणाऱ्या मुलीला आईची जुनी देऊ नये, तिचे माप वर्षात दोनदा बदलू शकते, म्हणून तिच्यासाठी महागही घेऊ नये. गरोदर बाईने नववा महिना लागल्यावर दूध पाजायची एकच घ्यावी, दूध उतरून माप स्थिरावले की बाकीच्या.

स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेने स्तन काढावा लागलेल्यांना खिसा असलेली ब्रा आणि आत बसवायचा कृत्रिम स्तन लागतो. सिलिकॉनचा महाग पडतो. मुंबईची साईशा इंडिया फाउंडेशन ही संस्था हाताने विणलेले हलके सुती स्तन मोफत देते. जिथे शस्त्रक्रिया झाली त्या रुग्णालयातही विचारावे. आणि काळ्या ब्राने किंवा तारेने कर्करोग होतो हा मोबाइलवर फिरणारा निरोप खोटा आहे, त्याला कसलाही पुरावा नाही.

घेतल्यावर आठवड्याला निदान तीन आलटून पालटून वापरा, रोज एकच घातली तर इलॅस्टिकला आवळायला सवड मिळत नाही. पण तिन्ही एकदम घेऊ नका. एक घ्या, पंधरा दिवस वापरा, मग उरलेल्या दोन. धुतल्यावर टॉवेलखाली, साडीच्या आड, न्हाणीघराच्या खुंटीला वाळत घालायची रीत सोडा. ओलसर राहिलेली ब्रा घातली की छातीखाली गजकर्ण व्हायची भीती, आणि त्वचेच्या डॉक्टरची एक फेरी ब्रापेक्षा महाग. वाऱ्यावर, सावलीत, उघडी वाळवा. सासऱ्यांना दिसली तर दिसली.

बिल घ्याच. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर वेगळा जीएसटी कुणी मागू शकत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यांवर तो ५ टक्के आहे, म्हणजे हजाराच्या पुढच्या ब्रावर आधी १२ टक्के असायचा तो कमी झाला. सवलत छापील किमतीवर मोजून घ्या. माप चुकले म्हणून वापरलेली ब्रा परत घ्यायला दुकान बांधील नाही आणि ते योग्यही आहे. ऑनलाइन मागवताना अंतर्वस्त्रे परत घेतात की नाही, ते पैसे भरण्याआधी वाचा आणि घालून पाहीपर्यंत टॅग काढू नका. मात्र शिलाई उसवलेली, हुक तुटलेला किंवा तार बाहेर आलेला सदोष माल निघाला तर गोष्ट वेगळी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी भिंतीवर असली तरीही. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मराठीत बोलता येते, कानडीतही. बिलाचा फोटो आधीच काढून ठेवा.