मोबाईलमधील नमुने दुकानातील टीव्हीवर दाखविताना

भद्रकाली किंवा दूध बाजाराच्या गल्लीत ज्याचे दुकान आहे, त्याला जागेची किंमत सांगावी लागत नाही. फर्निचर करणाऱ्याला दहा पलंग मांडून ठेवता येत नाहीत, जरीकाम करणाऱ्याला शंभर नमुने टांगता येत नाहीत. गिऱ्हाईक मात्र पाच-पन्नास नमुने पाहिल्याशिवाय ऑर्डर देत नाही. मग आपला कारागीर खिशातून मोबाईल काढतो, आणि घरची चार माणसे त्या वीतभर पडद्यावर माना घालून उभी राहतात. मागे उभ्या असलेल्या बाईंना काही दिसत नाही, आणि बहुतेक वेळा पसंती त्यांचीच असते.

तोच फोटो दुकानातील टीव्हीवर, तार न जोडता दाखविता येतो. ही सोय मोठ्या शोरूमवाल्यांपुरती नाही, म्हणून तिची माहिती आम्ही येथे देत आहोत. त्यात एक धोकाही आहे, तो टीव्ही विकणारा सहसा सांगत नाही.

प्रथम एक फरक ध्यानात घ्यावा. फोनवरचे चित्र टीव्हीवर नेण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्याला मिररिंग म्हणतात. यात फोनच्या पडद्यावर जे जे दिसते ते सर्व जसेच्या तसे टीव्हीवर उमटते. दुसरा मार्ग कास्टिंगचा. त्यात आपण निवडलेला एखादा फोटो अथवा व्हिडिओ तेवढा टीव्हीवर जातो, फोनचा बाकी पडदा आपल्यापाशीच राहतो. दोन्हींना लोक सरसकट 'कास्ट करणे' म्हणतात व तेथेच घोटाळा होतो.

मिररिंगसाठी अँड्रॉइड फोनमध्ये बहुधा मिराकास्ट नावाची पद्धत असते. ती 2012 साली आली. तिची मोठी सोय अशी की, फोन आणि टीव्ही एकमेकांशी थेट वाय-फायने बोलतात. दुकानात इंटरनेटची जोडणी किंवा राऊटर असण्याची गरज नाही. कास्टिंगला मात्र साधारणपणे फोन व टीव्ही दोन्ही एकाच वाय-फायवर असावे लागतात. ॲपलच्या आयफोनमध्ये मिराकास्ट चालत नाही. त्याची एअरप्ले ही वेगळी पद्धत आहे व ती टीव्हीत आहे की नाही हे घेण्यापूर्वी विचारावे.

कृती सोपी आहे. टीव्हीच्या रिमोटवरून 'स्क्रीन मिररिंग' किंवा 'मिराकास्ट' हा पर्याय उघडावा. फोनचा पडदा वरून खाली ओढला की 'कास्ट' असे बटण दिसते, सॅमसंगच्या फोनमध्ये त्यालाच 'स्मार्ट व्ह्यू' म्हणतात. ते दाबल्यावर जवळच्या टीव्हींची नावे येतात, त्यातून आपला निवडावा. फोन आडवा धरावा, नाहीतर टीव्हीच्या मधोमध एक उभी पट्टी दिसते व दोन्ही बाजू काळ्या राहतात. काही फोनांतून कंपनीने मिराकास्ट काढून टाकले आहे, तेव्हा नवा टीव्ही घेताना आपला स्वतःचा फोन नेऊन दुकानदारासमोरच जोडून पाहावा. टीव्ही जुना असेल पण त्याला एचडीएमआयचे भोक असेल, तर वेगळी स्टिक लावून काम भागते. गुगलचे क्रोमकास्ट 2024 पासून बनणे बंद झाले आहे. कोणी शिल्लक माल स्वस्तात देत असेल तर विचार करून घ्यावा.

आमचे स्पष्ट मत असे की, रोज तेच नमुने दाखवायचे असतील तर या कशाचीच गरज नाही. फोटो पेनड्राईव्हवर भरून टीव्हीला लावावा, दिवसभर आपोआप फिरत राहतात आणि वाय-फाय तुटण्याची कटकट नाही. बिनतारी जोडणी कामाला येते ती गिऱ्हाइकाशी बोलता बोलता नमुना बदलायचा, मोठा करून दाखवायचा किंवा कारखान्यातून आत्ता आलेला फोटो दाखवायचा तेव्हा.

फोटोही त्या लायकीचे हवेत. व्हॉट्सॲपवर चार हात फिरून आलेला फोटो फोनवर बरा दिसतो, पण मोठ्या टीव्हीवर फाटतो. मूळ फोटो ठेवावा, तोही आडवा काढलेला. दुसऱ्याच्या घरी बसविलेल्या कामाचा फोटो असेल आणि त्यात त्या घरातील माणसे दिसत असतील, तर तो परवानगीशिवाय बाजारात लावू नये.

रंगाच्या बाबतीत टीव्ही खोटे बोलतो. पुष्कळ टीव्ही भडक रंगावर बेतलेले असतात; सेटिंगमध्ये त्याला 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' म्हणतात. येवल्याच्या पैठणीचा काठ, मालेगावच्या यंत्रमागावरचे कापड किंवा सागाचे पॉलिश टीव्हीवर एक आणि हातात दुसरेच, असे झाले की डिलिव्हरीच्या दिवशी वाद ठरलेला. टीव्ही 'स्टँडर्ड' किंवा 'सिनेमा' वर ठेवावा आणि रंगाचा सौदा कापडाचा तुकडा, लाकडाची पट्टी हातात देऊनच करावा.

आता धोका. मिररिंग चालू असताना बँकेचा संदेश आला, ओटीपी आला, घाऊक व्यापाऱ्याचा 'अमुक भावाने माल पाठवला' असा निरोप आला, तर तोही टीव्हीवर झळकतो. खरेदीचा भाव गिऱ्हाइकाने वाचल्यावर पुढची घासाघीस कशी होईल हे सांगायला नको. यावर उपाय आहे. फोन फ्लाइट मोडवर टाकावा व मग फक्त वाय-फाय पुन्हा चालू करावे. त्यामुळे मोबाईल नेटवर्कवरून येणारे फोन व एसएमएस येत नाहीत. पण दुकानात इंटरनेटचे वाय-फाय असल्यास व्हॉट्सॲपचे निरोप येतच राहतात, म्हणून 'डू नॉट डिस्टर्ब' देखील लावावे. त्याहून चांगले म्हणजे घरात पडलेला जुना फोन सिमकार्ड काढून नमुन्यांसाठीच ठेवावा. त्यात बँकेचे किंवा यूपीआयचे ॲप नको. मुलगा किंवा नोकर गल्ल्यावर असला तरी तो फोन त्याच्या हाती बिनधास्त देता येतो.

दुकानाला दुकान लागून असल्यामुळे फोनवर शेजाऱ्याच्या टीव्हीचेही नाव दिसते. आपल्या टीव्हीला दुकानाचे नाव द्यावे आणि जोडणीच्या वेळी परवानगी किंवा पिन विचारण्याची सेटिंग चालू ठेवावी.

'स्क्रीन शेअर करा' असे फोनवर सांगणारा अनोळखी माणूस हा निराळाच प्रकार आहे. नाव सारखे असले तरी तेथे आपला पडदा दुकानातील टीव्हीवर नव्हे, तर दूर बसलेल्या ठगाकडे जातो व तो आपला ओटीपी वाचतो. अशा ॲपबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच बँकांना सावध केले होते. बँकेचा, वीज कंपनीचा किंवा मोठ्या ऑर्डरचा गिऱ्हाईक म्हणून कोणी असे करायला सांगितले तर फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच असतील तर क्षणाचाही वेळ न दवडता 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी व आपल्या बँकेलाही कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळले तर ती अडविता येण्याची शक्यता असते.